लिफ्टमधला माणूस आणि होस्टेटर औषधवाले

टॉलिव्हर गावात अर्व्हिन होस्टेटरइतका भरवशाचा माणूस दुसरा नव्हता, आणि ही गोष्ट ज्याला अजिबात पटलेली नव्हती असा एकच माणूस गावात होता. तो म्हणजे खुद्द अर्व्हिन होस्टेटर.

कोर्टाच्या चौकात, बँकेला लागून त्याचं औषधांचं दुकान होतं. पुढे सोडावॉटरचा संगमरवरी कट्टा आणि उंच गोल स्टुलं, मागे काचेच्या आडोशापलीकडे औषधं बनवायची जागा. डॉक्टर पर्डी चिठ्ठी लिहायचा, तीही अशा अक्षरात की कोंबडीनं शाईत पाय बुडवून कागदावर फेरी मारली असावी. ती वाचून अर्व्हिन पुड्या बांधायचा, गोळ्या वळायचा, बाटल्या भरायचा. वडिलांच्या हाताखाली तो शिकला, मग इंडियानापोलिसला जाऊन परीक्षा देऊन आला आणि वडील गेल्यावर त्यांच्याच जागी उभा राहिला. अंगानं उंच, जरासा वाकलेला, बोलायला मोजका, कॉलर रोज धुतलेली. रविवारी चर्चमध्ये दानाची थाळी फिरवायचं काम त्याच्याकडेच होतं, कारण थाळीकडे न बघता ती फिरवणारा तेवढा एकच होता.

औषध बनवताना तो बाटलीवरचं लेबल तीनदा वाचायचा. उचलताना, ओतताना आणि परत फळीवर ठेवताना. हा त्या धंद्याचा नियमच आहे, त्यात विशेष काही नाही. विशेष होतं ते पुढचं. दुकान बंद करून तो घरी आला की त्याच्या डोक्यात दुसरं दुकान उघडायचं. दुपारी रकमनच्या बायकोला पुड्या दिल्या त्या क्विनिनच्याच होत्या ना? क्विनिन पांढरं आणि कडू. स्ट्रिकनीनही पांढरं आणि कडू. एकानं ताप जातो, दुसऱ्यानं माणूस. स्ट्रिकनीन विषाच्या कपाटात कुलपात असायचं आणि किल्ली अर्व्हिनच्या घड्याळाच्या साखळीला. चूक होणं शक्यच नव्हतं. हे त्यालाही माहीत होतं, पण माहीत असून उपयोग नव्हता, हीच तर त्यातली मेख होती.

मग जेवण झालं की तो म्हणायचा, "जरा पाय मोकळे करून येतो." हिवाळ्यात गुडघाभर बर्फ असलं तरी पाय मोकळे करायचेच. दुकान उघडून, कपाट उघडून, बाटली तिच्या जागी आहे असं बघून तो परत यायचा. आणि अंथरुणात पडल्यावर पुन्हा तेच. कपाट उघडून बघितलं खरं, पण लावलं का?

त्याची बायको लुएला हे सगळं जाणून होती. मुलगी लग्न होऊन फोर्ट वेनला गेली होती, घरात दोघंच. नवरा हळूच उठतो, बूट हातात घेऊन जिन्यानं खाली जातो, खालच्या थंडगार लाद्यांवर उभा राहून ते चढवतो, हे तिला अंथरुणातून ऐकू यायचं. ती डोळे मिटून पडायची. तो आपल्याला झोपलेली समजतो तर समजू दे, असं तिनं लग्नानंतर पहिल्याच वर्षी ठरवलं आणि ते वीसएक वर्षं पाळलं. आधी ती कारण शोधत होती. कधी काळी कुणी दगावलं होतं का? त्याच्या वडिलांच्या हातून काही झालं होतं का? सासूला तिनं आडून आडून विचारलं, तर सासू म्हणाली, लहानपणापासून शहाणा आहे माझा अर्व्हिन. कारण काही सापडलं नाही. कारण असतं तर निदान त्याच्याशी भांडता आलं असतं.

आणि बोलायचं तरी कसं? टॉलिव्हरमध्ये मूत्रपिंडाबद्दल जेवणाच्या टेबलावर बोललं तरी चालायचं. कुणाच्या पित्ताशयातून काय निघालं हे तर चर्चच्या पायऱ्यांवरही चवीनं सांगितलं जायचं. पण माणसाच्या मनाला काही होतं, हे तिथे कुणाला ठाऊक नव्हतं. फार तर 'नसा कमजोर' म्हणायचे, आणि तेही फक्त बायकांच्या बाबतीत.

आता गुरुवार मंडळाचं सांगायला हवं. गावातल्या बऱ्या घरच्या बायकांचं हे मंडळ होतं आणि मिसेस ऑगस्टा पेनिमन, जज्जांच्या विधवा पत्नी, त्याच्या अध्यक्ष होत्या. त्यांना अध्यक्ष कधी निवडलं होतं हे कुणाला आठवत नव्हतं आणि पुन्हा निवडायचं धाडस कुणाला नव्हतं. दर वसंतात मंडळ वर्षभराचे विषय ठरवून त्यांची छोटी पुस्तिका छापायचं. कुठल्या गुरुवारी कुणाच्या घरी, कोण, कशावर निबंध वाचणार. एक वर्ष 'पवित्र भूमी' झालं, एक वर्ष 'इंडियानाचे पक्षी'. यंदा 'आपलं विसावं शतक' होतं. विषय वाटायच्या दिवशी लुएलाची दाढ सुजली होती म्हणून ती घरी राहिली, आणि गैरहजर बाईच्या गळ्यात उरलेला विषय पडतो हे तर ठरलेलंच. रेडियम गेलं, रेडिओ गेला, स्त्रियांचा मतदानाचा हक्क गेला. लुएलाच्या नावापुढे छापून आलं: 'नवकवितेतील आधुनिक माणसाचे अस्वस्थ अंतरंग'. पेनिमनबाईंनी तो विषय शिकागोच्या कुठल्याशा मंडळाच्या पुस्तिकेतून उचलला होता. त्याचा अर्थ त्यांना विचारायची कुणाची छाती नव्हती, आणि त्यांनाही ते सोयीचंच होतं.

मंडळाचा एक नियम होता. निबंध कशावरही असो, शेवटी वाचणारीनं 'जीवनातलं उदाहरण' द्यायचं. पक्ष्यांच्या निबंधाला घरच्या कॅनरीचं, पवित्र भूमीच्या निबंधाला तिकडे जाऊन आलेल्या पाद्र्याचं. पेनिमनबाईंच्या मते त्यानं विद्या जमिनीवर राहते.

अर्व्हिनला बायकोचा निबंध आहे याचं फार कौतुक. इंडियानापोलिसहून कवितांचं पुस्तक मागवलं ते त्यानंच, पोस्टातून घेऊन आला तोही. तिच्यासाठी पेन्सिलींना टोकं करून ठेवली. पुस्तक मात्र त्यानं उघडलं नाही. कविता ही त्याच्या मते बायकांची आणि पाद्र्यांची गोष्ट होती.

लुएला स्वयंपाकघराच्या टेबलाशी बटाटे सोलता सोलता ते पुस्तक वाचायला बसली आणि तिच्या कपाळाला आठ्या पडल्या. यमकाचा पत्ता नाही, फुलं नाहीत, देव नाही. एका ओळीत अख्खं शहर, दुसऱ्या ओळीत एकच शब्द. कवींना कुणी सरळ बोलायला शिकवलं नव्हतं की काय कोण जाणे. पुस्तक मिटून ती पेनिमनबाईंच्या नावानं मनातल्या मनात बोटं मोडत होती, तेवढ्यात ते हातातून घसरून मधलंच एक पान उघडलं.

त्या पानावर एका माणसाची कविता होती. मोठ्या इमारतीच्या लिफ्टमध्ये टोपी हातात धरून एक माणूस उभा आहे. त्याला कुठल्या मजल्यावर जायचंय ते त्याला माहीत आहे, रोज तो तिथेच जातो. पण लिफ्टवाल्यानं विचारल्यावर त्याला वाटतं, आज जर चुकलं तर? तो म्हणतो, पुढचा. माणसं उतरतात, माणसं चढतात. तो म्हणतो, पुढचा. कुणाला काही कळत नाही, कारण त्याचा टाय नीट आहे आणि चेहरा शांत आहे. कविता संपते तेव्हाही तो आतच असतो.

लुएलानं ती वाचली, पुन्हा वाचली. मग सुरी खाली ठेवली. टॉलिव्हरमधली सगळ्यात उंच इमारत तीन मजली होती आणि लिफ्टमध्ये ती जन्मात एकदाच बसली होती, टेरे होटच्या मोठ्या दुकानात. तरी हा माणूस तिच्या ओळखीचा होता. रात्री शेजारून उठून जायचा तो हाच. म्हणजे असे लोक आणखी असतात, कुठल्या तरी शहरात कुणा परक्या माणसाला हे माहीत आहे आणि त्यानं ते छापलंसुद्धा आहे, हे कळल्यावर तिला रडू कोसळलं. दुःखानं नाही. इतकी वर्षं एकटीनं वाहिलेल्या गोष्टीला कुणीतरी हात लावला म्हणून ती रडली. बटाटे तसेच राहिले आणि त्या दिवशी अर्व्हिनला जेवायला अंडी मिळाली.

निबंध तिनं मन लावून लिहिला. उदाहरण मात्र शहाणपणानं दुसरंच निवडलं. शिकागोला राहणारा तिचा एक चुलतभाऊ मोठ्या दुकानात वाट चुकला होता आणि दुपारभर छत्र्यांच्या विभागात फिरत राहिला होता, तो.

फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी पेनिमनबाईंच्या दिवाणखान्यात मंडळ जमलं. बाहेर बर्फ, आत शेगडी, बाजूच्या टेबलावर केक. लुएलानं निबंध वाचला, कविता वाचून दाखवली. तिनं वर पाहिलं तर डॉक्टर पर्डीची बायको हातरुमालात हसत होती.

"लिफ्टवाल्याला विचारायचं ना सरळ," पर्डीबाई म्हणाल्या. "तोंड दिलंय ना देवानं?"

"पोट साफ नसणार त्याचं," विनी ब्लॉकसम म्हणाली. विनी ही लुएलाची शाळेपासूनची मैत्रीण. "माझ्या दिराचं असंच व्हायचं. एरंडेल पाजलं की सुतासारखा सरळ."

पेनिमनबाईंनी निकाल दिला की शहरातल्या रिकामटेकड्या लोकांची ही थेरं आहेत, कामाच्या माणसाला असलं काही सुचत नाही. सगळ्या हसल्या. वाईट कुणाच्या मनात नव्हतं. त्यांना खरंच तो माणूस विनोदी वाटत होता.

लुएलाचं डोकं मात्र फिरलं. स्वभावानं ती गरीब, पण त्या क्षणी तिला वाटलं की या बायका तिच्या स्वयंपाकघरात घुसून तिच्या माणसाला हसताहेत. चुलतभावाचं पान तिच्या हातात होतं. ते तिनं मांडीवर पालथं ठेवलं.

"तो रिकामटेकडा नसतो," ती म्हणाली. "मी ओळखते अशा एका माणसाला. फार कामाचा आहे. आयुष्यात त्याच्या हातून एक चूक झालेली नाही, आणि रोज रात्री त्याला वाटतं की आज झाली. तो उठतो, थंडीवाऱ्यात जातो, बाटली जागेवर आहे का बघतो, पूड तीच होती का बघतो, परत येतो आणि पुन्हा तेच. हसायचं काय आहे त्यात? तुम्ही सगळ्या निवांत झोपता तेव्हा तुमच्यासाठी तो जागा असतो."

बोलताना तिला फार बरं वाटत होतं. वीस वर्षांचं साठलेलं बाहेर पडत होतं. नाव तिनं घेतलं नाही, घ्यायचा विचारही नव्हता, आणि नाव घेतलं नाही म्हणजे सांगितलं नाही असंच तिला वाटत होतं. दिवाणखान्यात शांतता पसरली. आपण बायकांची मनं जिंकली असं वाटून ती खाली बसणार, एवढ्यात विनीनं अगदी हळू विचारलं.

"लुएला, कसली पूड गं?"

तेव्हा कुठे लुएलाच्या लक्षात आलं की आपण काय करून बसलो आहोत. समोर बसलेल्या एकूण एक बाईच्या घरी, स्वयंपाकघरातल्या कपाटात, होस्टेटरच्या दुकानातली बाटली होती. पेनिमनबाई म्हणाल्या, "कॉफी घेऊ या." कॉफी सगळ्यांनी घेतली. केकला मात्र कुणी दुसऱ्यांदा हात लावला नाही, आणि टॉलिव्हरमध्ये असं याआधी फक्त अंत्यविधीला झालं होतं. एरवी परतताना विनी आपल्या घराच्या फाटकाशी लुएलाबरोबर अर्धा अर्धा तास बोलत उभी राहायची. त्या दिवशी ती 'येते गं' म्हणून जवळजवळ पळतच आत गेली.

संध्याकाळी अर्व्हिननं कोट काढता काढताच विचारलं, निबंध कसा झाला, पेनिमनबाई काय म्हणाल्या. त्याचा चेहरा इतका उत्सुक होता की लुएलानं नजर वळवून ताटं मांडायला घेतली. बरा झाला, ती म्हणाली. तो खुशीत जेवला. ती मूग गिळून बसली. सकाळी सांगू, असं तिनं ठरवलं, आणि सकाळी तो कॉफी पिऊन निघून गेला तरी तिच्या तोंडून शब्द फुटला नाही. शेवटी भांडी तशीच टाकून तिनं कोट चढवला आणि ती चौकाकडे निघाली. आपण आधी पोचलो पाहिजे, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

ती आधी पोचली नाही. दुकानाच्या दारापासून बँकेच्या पायरीपर्यंत माणसं उभी होती आणि प्रत्येकाच्या हातात, खिशात किंवा पिशवीत बाटली नाही तर पुडी होती.

टॉलिव्हरची माणसं भिडस्त. तोंडावर कुणी काही बोलेल तर शपथ. पहिली बाई म्हणत होती, यंदा खोकल्याच्या औषधाची चव जरा वेगळी लागते का हो? मागचा म्हणाला, लेबल पुसट झालंय, नवीन लावून द्याल? तिसऱ्याचं बूच सैल झालं होतं. हॅरी टूलीनं डॉक्टरच्या चिठ्ठीवर मिळालेली व्हिस्कीची बाटली आणली होती. दारूबंदी आल्यापासून गावात खोकला फार वाढला होता. "हिचीही परीक्षा व्हायला हवी," तो गंभीरपणे म्हणाला, आणि रांगेतून कुणीतरी म्हणालं, "अर्धी तर तूच केलेली दिसतेय."

अर्व्हिन कट्ट्यामागे उभा होता. त्याला कळेना. आधी त्यानं एक लेबल बदललं, एक बूच बदललं, मग रांगेवरून नजर फिरवली आणि त्याचा हात थांबला. डेल रकमन हा गावाबाहेरचा शेतकरी, त्याला भीड ठाऊक नव्हती. तो पुढे आला आणि बायकोच्या क्विनिनच्या पुड्या त्यानं कट्ट्यावर टाकल्या.

"मिस्टर होस्टेटर, उगाच आडपडदा कशाला," रकमन म्हणाला. "काल तुमच्या बायकोनं सांगितलं म्हणे सगळ्या बायकांना, की पुडीत काय घातलं ते तुमचं तुम्हालाच नक्की माहीत नसतं. माझी बायको रात्रभर रडतेय. तिनं कालच एक पुडी घेतलीय."

अर्व्हिननं मान वर करून दाराकडे पाहिलं. तिथे लुएला उभी होती. तिला वाटलं, आता हा खाली कोसळणार. ज्या दिवसाच्या धास्तीनं हा माणूस इतकी वर्षं झोपला नाही तो दिवस आज आला होता, आणि आणला होता तिनं.

"लुएला," अर्व्हिन म्हणाला. त्याचा आवाज अगदी सरळ होता. "कोट काढ. सोड्याचे ग्लास धुऊन खिडकीत मांड."

ती धावली. त्यानं रकमनची एक पुडी उघडली, चिमूटभर पूड ग्लासातल्या पाण्यात टाकली, वर आम्लाचा एक थेंब सोडला आणि ग्लास खिडकीत उजेडाला धरला. पाण्याच्या कडेला फिकट निळी झाक आली. क्विनिनला ती येते, विषाला येत नाही, त्यानं रकमनला सांगितलं, आणि विषाचं कपाट उघडून स्ट्रिकनीनची बाटलीही दाखवली. रकमननं वाकून बघितलं. मग त्यानं बाकीच्या पुड्याही उघडायला सांगितल्या, आणि अर्व्हिननं एकेक करून त्या सगळ्या उघडल्या. पुढच्यांच्या बाटल्याही त्यानं अशाच एकेक करून तपासल्या. वास घेतला, जिभेच्या टोकाला लावलं, डॉक्टरची जुनी चिठ्ठी काढून सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचली. कुणाला घाई केली नाही, कुणाला बोल लावला नाही. हात दगडासारखा स्थिर. क्विनिनच्या एकेका पुडीमागे खिडकीत निळ्या कडांचे ग्लास वाढत गेले. घरी ज्याला दिवा विझवला की नाही ते चारदा बघावं लागायचं, तोच हा माणूस का, असं लुएलाला वाटत होतं. या दिवसाची तालीम त्यानं इतक्या वेळा केली होती की प्रत्यक्ष दिवस आल्यावर त्याला फक्त पाठ म्हणायचं होतं.

दुपार व्हायला आली तेव्हा म्हातारे मिस्टर फेन पुढे आले. त्यांच्या पोटासाठी खडूचं पातळ औषध होतं. अर्व्हिननं बाटली उजेडाला धरली, लेबल वाचलं, पुन्हा वाचलं.

"ही चूक आहे," तो म्हणाला.

लुएलानं हातातला ग्लास खाली ठेवला.

"माझी चूक. यावर 'हलवून घ्या' असं लिहायला हवं होतं. खडू तळाशी बसतो. यानं कुणी मरत नाही, पण शेवटचे चमचे फार दाट होतात. मी लिहायला विसरलो."

"असू द्या हो," मिस्टर फेन म्हणाले, आणि त्यांनी आपले थरथरणारे हात वर करून दाखवले. "मी न हलवता घेऊच शकत नाही."

आधी टूली हसला, मग रकमन, मग अख्खं दुकान. जो माणूस एवढीशी चूक भर बाजारात कबूल करतो त्याची दुसरी चूक असणार कुठे, असं ज्याला त्याला वाटलं, आणि रांगेच्या शेवटचे काही जण बाटल्या खिशात टाकून आपणहून घरी गेले. रांगेत विनी ब्लॉकसमही होती. तिनं लुएलाच्या खांद्याला हात लावला आणि ती आपली बाटली पिशवीत टाकून निघून गेली. पेनिमनबाई स्वतः आल्या नाहीत. त्यांची मोलकरीण टोपलीभर बाटल्या घेऊन आली होती, त्या तपासायला नाही, परत द्यायला. त्या दिवसापासून त्यांची औषधं टेरे होटहून यायला लागली, ती त्या जिवंत होत्या तोवर तिथूनच येत राहिली.

हसला नाही तो एकटा अर्व्हिन. मिस्टर फेनच्या बाटलीला नवीन लेबल लावताना त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता, हे फक्त लुएलानं पाहिलं.

दुकान रिकामं झाल्यावर त्यानं दार लोटून घेतलं आणि तो सोड्याच्या कट्ट्यापुढच्या स्टुलावर गिऱ्हाइकासारखा बसला. लुएला शेजारच्या स्टुलावर बसली. ती माफी मागायला लागली. मी नाव घेतलं नव्हतं, त्या हसायला लागल्या, मला राहवलं नाही, असं तिचं सगळं उलटसुलट सांगून झालं. त्यानं मधे तोडलं नाही.

"म्हणजे तू जागी असायचीस," शेवटी तो म्हणाला.

"हो."

"रोज?"

"बहुतेक रोज."

"मी खाली जाऊन बूट घालायचो. तुझी झोप मोडू नये म्हणून."

"माहीत आहे मला."

तो खिडकीतल्या ग्लासांकडे बघत राहिला. त्याला राग आला होता, आणि तो रांगेचा नव्हता.

"खोलीभर बायकांना सांगितलंस," तो म्हणाला. "मला एकदाही सांगितलं नाहीस."

तूही मला कधी सांगितलं नाहीस, असं लुएलाच्या जिभेवर आलं होतं. ते तिनं गिळलं, कारण ते खरं असलं तरी आज बोलायची पाळी तिची नव्हती. तिचे डोळे भरून आले आणि तिनं ते लपवले नाहीत.

"आज सगळ्यांसमोर किती नीट उभा राहिलास तू," ती म्हणाली. "कुणाच्या मनात आता काही राहिलं नाही, अर्व्हिन. सगळं बरोबर निघालं."

"एक चूक निघाली ना."

"खडूची?"

"एक निघाली," तो म्हणाला. "गाव हसत घरी गेलं. मला आता रोज ती दिसणार."

हे तो तिला पहिल्यांदाच सांगत होता. लुएलाला त्याला काहीतरी समजावून सांगावंसं वाटलं, पण समजावण्यासारखं काही नव्हतं. ज्या भीतीला इतकी वर्षं कारण नव्हतं तिला आज एक छोटंसं का होईना कारण मिळालं होतं. बाहेर बँकेसमोर कुणीतरी बर्फ ओढत होतं. अर्व्हिननं दोन्ही हात संगमरवरावर पालथे ठेवले.

"लुएला," तो म्हणाला, "मघाशी मी विषाचं कपाट उघडलं होतं. रकमनला ती बाटली दाखवायला. ते मी परत लावलं का?"

काचेच्या आडोशापलीकडे कपाट होतं, चार पावलांवर. तो उठला नाही. तिच्याकडे बघत राहिला.

"लावलंस," लुएला म्हणाली. "मी पाहिलं. किल्ली फिरवून ओढूनही बघितलंस."

त्यानं मान हलवली. थोड्या वेळानं त्यानं पुन्हा विचारलं, आणि तिनं पुन्हा सांगितलं.